हलकी चेन : वजनाचा हिशोब आणि दात्यांचा हिशोब

मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेण्याचे काम चेन सेट करतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे छोटे स्प्रॉकेट, मागच्या चाकावरचे मोठे स्प्रॉकेट आणि त्या दोहोंवरून फिरणारी चेन, असे त्याचे तीन भाग. शंभर सीसीच्या रोजच्या गाडीत या तिघांचे मिळून वजन दोन किलोंच्या आसपास भरते. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत ते चार किलोंवर जाते. हे वजन कमी केले, म्हणजे चेन अरुंद घेतली आणि मागचे पोलादी स्प्रॉकेट काढून ॲल्युमिनियमचे बसवले, तर गाडी जास्त चपळ होते, पिकअप वाढतो, मायलेजही सुधारते, असे सांगून असे सेट विकले जातात. दाव्यात तथ्य आहे, पण ते किती आणि कोणत्या गाडीला लागू पडते, हा खरा प्रश्न.

आज वापरात असलेली बुश आणि रोलरची चेन १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने मँचेस्टरमध्ये पेटंट केली. तिची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. दोन पट्ट्यांना जोडणारी पिन, पिनेवर बुश, बुशवर मोकळा फिरणारा रोलर. स्प्रॉकेटचा दाता रोलरला भिडतो आणि रोलर फिरत असल्याने दाता घासला जात नाही. खरे घर्षण आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये होते. ‘चेन ताणली गेली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात तेव्हा पोलादी पट्ट्या लांबलेल्या नसतात. प्रत्येक पिन आणि बुश थोडी थोडी झिजलेली असते आणि शंभराहून अधिक कड्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लोंबते. पुढचे सगळे गणित या झिजेभोवती फिरते.

चेनच्या पट्टीवर छापलेला तीन आकडी क्रमांक वाचता आला तर निम्मी फसवणूक टळते. पहिला आकडा दोन पिनांमधले अंतर, म्हणजे पिच, इंचाच्या अष्टमांशांत सांगतो. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे असतात. ५२० ची आतली रुंदी पाव इंच, ५२५ ची पाच सोळांश इंच आणि ५३० ची तीन अष्टमांश इंच. या तिन्हींचे रोलर एकाच व्यासाचे, १०.१६ मिमीचे असतात. म्हणून ५३० च्या जागी ५२० बसवणे शक्य होते. फक्त दोन्ही स्प्रॉकेट त्या रुंदीची घ्यावी लागतात. ४२८ चे घराणे वेगळे. तिची पिच अर्धा इंच आणि रोलर लहान, त्यामुळे ५२० च्या दात्यांवर ती बसतच नाही. क्रमांकापुढे ‘एच’ असेल तर पट्ट्या जास्त जाड असतात आणि चेन त्याच मापात थोडी वजनदार होते.

चेन हलकी करण्याची कल्पना शर्यतीच्या मैदानातून आली. हजार सीसीच्या आणि त्याहून मोठ्या गाड्या कारखान्यातून ५२५ किंवा ५३० चेन घेऊन बाहेर पडतात. भारतात विकली जाणारी सुझुकी हायाबुसा ५३० वर धावते. शर्यतीत उतरणारे संघ मात्र अशा गाड्यांवर ५२० चढवतात. मोटोजीपीच्या गाड्याही ५२० वरच धावतात, आणि सव्वाशे सीसीच्या जुन्या जागतिक शर्यतींत तर त्याहून बारीक ४१५ चेन असे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची फेरी झाली तेव्हा भारतीय प्रेक्षकांनी या गाड्या जवळून पाहिल्या. चाकूच्या पात्यासारखी अरुंद चेन आणि जाळीदार मागचे स्प्रॉकेट पाहून मोह होणे साहजिक आहे. पण शर्यतीच्या संघाला ती चेन दोन-तीन हजार किलोमीटर टिकली तरी चालते. झीज दिसण्याआधीच ती काढून टाकली जाते. हा फरक विक्रेता सांगत नाही.

आता वजनाचे गणित. ‘फिरते वजन एक किलोने कमी केले की साधे वजन चार-पाच किलोंनी कमी केल्यासारखे असते’, हे वाक्य मोटारसायकलवाल्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. टायर आणि रिम यांच्या बाबतीत त्यात थोडाफार अर्थ आहे. तिथेही गुणोत्तर पाचाचे नसून सुमारे दोनाचे आहे. कारण टायरचा पृष्ठभाग गाडीच्याच वेगाने फिरतो, म्हणजे त्याला पुढे नेण्याइतकीच ऊर्जा फिरवायलाही लागते. चेनचे तसे नसते. चेनचा वेग मागच्या स्प्रॉकेटच्या त्रिज्येवर ठरतो आणि ती चाकाच्या त्रिज्येच्या मानाने लहान असते. अर्ध्या इंची चेनचे ४२ दात्यांचे स्प्रॉकेट घेतले तर त्याची त्रिज्या ८५ मिमी येते. टायरसकट चाकाची त्रिज्या ३०० मिमीच्या थोडी वर. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असताना चेन ताशी १७ किलोमीटरनेच फिरत असते. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकवर १५ आणि ४५ दात्यांची जोडी आहे, चेन ५२० ची. तिथे मागच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ११४ मिमी भरते आणि त्याच वेगाला चेन ताशी २२ किलोमीटरने फिरते.

फिरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे चेनमधून वाचवलेला एक किलो हा साध्या वजनाच्या सुमारे १.०८ ते १.१४ किलोइतका ठरतो. स्प्रॉकेटचे बरेचसे वजन दात्यांपेक्षा आत असल्याने त्याचा आकडा आणखी कमी, १.०९ च्या आसपास. गुणोत्तर चार नाही, दोनही नाही. एकाच्या किंचित वर. फिरत्या वजनाचा सगळा युक्तिवाद इथे संपतो.

मग उरते ते नुसते वजन. ३९० ड्यूकसारखी गाडी आणि स्वार मिळून २४० किलो धरले आणि ॲल्युमिनियमचे स्प्रॉकेट व हलकी चेन मिळून एक किलो वाचला, तर फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला सहा सेकंद लागत असतील तर सेकंदाचा अडीच-तीन शतांश भाग वाचेल. टाकीत दीड लिटर पेट्रोल कमी भरले तरी तेवढाच फायदा होतो, कारण पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलो असते. शर्यतीत शंभरावा भाग मोलाचा असतो, म्हणून तिथे हा खर्च समर्थनीय आहे. मागचे स्प्रॉकेट आणि चेनचा काही भाग शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बाजूला, म्हणजे चाकाबरोबर उसळणाऱ्या वजनात मोडतो. खडबडीत वळणावर चाक रस्त्याला चिकटून राहण्यात त्याचा थोडा फायदा होतो. तो फायदा खरा आहे, पण तो जाणवायला स्वारही त्या तयारीचा हवा.

मायलेजचा दावा त्याहून पोकळ. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत चेनचे वजन पेट्रोल खात नाही. खाते ते घर्षण. स्वच्छ, तेल असलेली, सरळ रेषेत बसलेली चेन इंजिनाच्या ताकदीचा दोन-तीन टक्के भाग गिळते. कोरडी, धुळीने भरलेली आणि वाकडी बसलेली चेन त्याहून जास्त गिळते. नवा हलका सेट बसवल्यावर ‘गाडी हलकी पळते’ असे जे वाटते, त्यातले श्रेय बहुतेक वेळा सेटच्या नवेपणाचे असते. नवा साधा सेट बसवला असता तरी तसेच वाटले असते.

हलक्या सेटची किंमत झिजेत मोजावी लागते. ५२० आणि ५३० यांच्या रोलरचा व्यास एकच असला तरी अरुंद चेनमध्ये पिन आणि बुश एकमेकांवर टेकतात ती जागा कमी असते, ढोबळमानाने पाव भागाने. ताण तोच आणि जागा कमी, म्हणजे दाब जास्त आणि झीज लवकर. चेन तुटण्याचा धोका मात्र लोक समजतात तेवढा नसतो. चांगली ४२८ चेन दोन टनांच्या आसपासचा ताण सोसते, तर शंभर सीसीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावूनही तिच्यावर तीनशे किलोंच्या घरातलाच ताण आणू शकते. सेटचे आयुष्य तुटण्याने संपत नाही, झिजेने संपते.

ॲल्युमिनियमच्या स्प्रॉकेटचे दाते तर झिजेपुढे फारच दुबळे. त्यासाठी ७०७५ हा विमानांच्या कामात वापरला जाणारा मिश्रधातू घेतात आणि वर कठीण थर चढवतात. तो थर घासून गेला की आतला धातू पोलादी रोलरपुढे टिकत नाही. पोलादी स्प्रॉकेटच्या मानाने त्याचे आयुष्य अर्धे किंवा त्याहून कमी धरावे. मधला मार्ग म्हणून काही कंपन्या पोलादी दात्यांची कडी आणि ॲल्युमिनियमची चकती एकत्र जोडून विकतात. वजन वाचवायचेच असेल तर हा सौदा त्यातल्या त्यात शहाणपणाचा.

आता हेच मोजमाप एखाद्या प्रत्यक्ष मुलखात ठेवून पाहावे. तापीच्या उत्तर तीरावरचे बुऱ्हाणपूर त्यासाठी चांगले उदाहरण ठरते. शहराच्या अंगाला नदीवर राजघाट आहे आणि पलीकडच्या तीरावर जैनाबाद. दक्षिणेकडे इच्छापूरपर्यंत वीसेक किलोमीटर गेले की महाराष्ट्राची हद्द लागते आणि रावेर, मुक्ताईनगरचा केळीचा पट्टा सुरू होतो. उत्तरेला तेवढ्याच अंतरावर असीरगड आणि सातपुड्याची खिंड. म्हणजे एकाच गाडीला एका दिशेला सपाट मैदान आणि दुसऱ्या दिशेला चढ. माती काळी, कापसाची आणि केळीची. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि त्या मातीची पिठासारखी धूळ उडते. पावसाळ्यात तीच माती चिकट लगदा होऊन चाकांना धरते. नदीकाठच्या वाटांवर त्यात बारीक वाळू मिसळते. अशा मुलखात गाडीवर कधी मागे बसणारा असतो, कधी कापडाचे तागे, कधी दुधाच्या किटल्या आणि हंगामात केळीचे घड.

या भागात चालणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर ४२८ चेनच असते. ती हलकी करायला जागाच उरलेली नाही. ‘एच’ काढून साधी ४२८ बसवली तर फार तर दीडशे ग्रॅम वाचतात. गाडी, दोन माणसे आणि पिशवी मिळून अडीचशे किलोंच्या पुढे जाणाऱ्या वजनात ते कुठेच दिसत नाहीत. पट्टी मात्र पातळ होते. ४२० चेन तर तिथे बसवूच नये, कारण तिचा रोलर आणि रुंदी वेगळी.

ओझ्याबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. केळीचे दोन घड लादले म्हणून चेनवरचा सर्वांत मोठा ताण वाढत नाही. तो इंजिनाच्या ताकदीने ठरलेला असतो. ओझ्याने वाढतो तो वेळ. रिकाम्या गाडीत चेन पूर्ण ताणावर काही सेकंद असते, लादलेल्या गाडीत असीरगडच्या बाजूचा चढ संपेपर्यंत असते. त्यात खड्ड्यांचे झटके आणि क्लच एकदम सोडण्याची सवय यांची भर पडते. झटके सोसायला मागच्या हबमध्ये रबरे बसवलेली असतात. ती पिचली असतील तर नव्या सेटवरही पहिल्या दिवसापासून झटके बसत राहतात. सेट बदलताना ती पाहून घेणे अवघ्या काही मिनिटांचे काम, आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जाते.

वजन कमी करण्याच्या नादात होणारे सर्वांत मोठे नुकसान चेन कव्हर काढण्याने होते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना चेन पूर्ण झाकणारे पत्र्याचे कव्हर असते. ते काढले की गाडी ‘स्पोर्टी’ दिसते आणि थोडे वजनही कमी होते. पण साध्या, रबरी कड्या नसलेल्या चेनचे संरक्षण तेवढेच असते. तापीकाठची धूळ आणि वाळू उघड्या चेनच्या तेलात मिसळली की तेलाची घासणारी लुगदी बनते आणि ती थेट पिन व बुशमध्ये शिरते. ओ-रिंग किंवा एक्स-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस आत बंदिस्त असते, म्हणून मोठ्या गाड्या उघडी चेन घेऊन फिरू शकतात. साध्या चेनला ती सोय नाही. साडी गार्डचीही तीच गोष्ट. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केली आहे. हौसेपोटी ती काढणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय जिवावर बेतू शकते.

जुन्या बुलेटची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यावर पाच अष्टमांश बाय तीन अष्टमांश इंचाची, म्हणजे ५३० मापाची चेन असते. त्यामुळे कागदावर ५२० कडे जाण्याचा मार्ग मोकळा दिसतो. पण जुन्या बुलेटचे मागचे स्प्रॉकेट ब्रेक ड्रमलाच एकसंध ओतलेले असते. अरुंद चेनसाठी अख्खा ड्रम बदलावा लागतो किंवा दाते खरादावर बारीक करून घ्यावे लागतात, आणि इतके करून साध्या चेनमध्ये वाचणार पाव किलो. पावणेदोनशे किलोंच्या गाडीत हा उपद्व्याप करण्यात काहीच अर्थ नाही.

चेन सेट बदलल्यावर गाडीचा स्वभाव खरोखर बदलतो तो दात्यांच्या संख्येने. मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागले की गुणोत्तर मिळते. पुढे १४ आणि मागे ४२ असतील तर ते ३ येते. पुढचा एकच दाता कमी करून १३ केले तर गुणोत्तर ३.२३ होते, म्हणजे मागच्या चाकावरचा जोर सुमारे ७.७ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतात. वर मोजलेल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याशेजारी हा आकडा ठेवला की पैसा कुठे घालावा हे वेगळे सांगावे लागत नाही. हलक्या चेनचे सेट विकणारे बहुधा पुढे एक दाता कमी किंवा मागे दोन-तीन जास्त देतात. स्वाराला जाणवलेला पिकअप त्या दात्यांचा असतो आणि कौतुक ॲल्युमिनियमचे होते.

राजघाट ते असीरगड अशी लादलेली फेरी रोजची असेल तर पुढचा एक दाता कमी करणे उपयोगी पडते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरत नाही. इच्छापूरच्या बाजूने महामार्गावर लांब धाव रोजची असेल तर तोच बदल इंजिनाला विनाकारण ओरडायला लावतो आणि पेट्रोलही वाढवतो. उलट दिशेने, पुढे १५ दाते केले तर सपाटीवर इंजिन शांत राहते, पण ओझे आणि चढ आला की गिअर सारखा खाली आणावा लागतो. अनेक साध्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, म्हणून वेगाचा आकडा चुकत नाही. ज्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाजूने मोजला जातो तिथे वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकीचे दिसू लागतात.

पुढचे दाते किती कमी करावेत यालाही मर्यादा आहे. चेन गोलावरून न जाता प्रत्यक्षात बहुकोनावरून जाते, त्यामुळे प्रत्येक दात्यागणिक तिचा वेग थोडा कमी-जास्त होतो. १७ दात्यांवर हा हेलकावा १.७ टक्के असतो, १४ वर अडीच टक्के, १३ वर २.९ आणि ११ वर चार टक्क्यांच्या वर. तो पायांत थरथर म्हणून जाणवतो आणि चेन लवकर खातो. लहान स्प्रॉकेटवर प्रत्येक कडीला जास्त वाकावे लागते, तीही झीजच. शिवाय चेन खाली येऊन स्विंगआर्मवर घासू लागते. एका दात्यापेक्षा जास्त बदल हवा असेल तर तो मागच्या स्प्रॉकेटवर करावा. पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांइतका असतो.

सेट केव्हा संपला हे ओळखायला सोपी कसोटी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढावी. अर्धा दाता उघडा पडला तर सेट गेला. मोजूनच पाहायचे तर ४२८ चेनच्या २० कड्यांचे अंतर नव्याने २५४ मिमी, म्हणजे बरोबर दहा इंच असते. ते २५९ च्या पुढे गेले की चेन बदलायला हवी. दाते एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले तर तेही तेच सांगतात. नुसती चेन बदलून जुनी स्प्रॉकेट ठेवणे ही सर्वांत महागडी काटकसर. झिजलेले दाते नवी चेन झपाट्याने जुन्याच मापावर आणतात आणि दुसऱ्यांदा खर्च होतो.

देखभालीचा भाग थोडक्यात. साध्या चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल पुरेसे असते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल घालू नये, त्यातल्या काजळीने आणि धातूच्या कणांनी चेन आतून घासते. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नये, रबर खराब होते. रॉकेल किंवा त्यासाठीचे क्लीनर चालते. ताण गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवावा. गाडी नेहमी लादली जात असेल तर माणूस बसवून चेन पुन्हा पाहावी, कारण मागचा भाग दबला की बऱ्याच गाड्यांत चेन आणखी घट्ट होते. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते. ढिली चेन दात्यांवरून उडते. चेन लॉकची क्लिप लावताना तिचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला यावे.

तेव्हा हलक्या सेटवर खर्च कोणी करावा? शर्यतीच्या ट्रॅकवर वेळ मोजणाऱ्याने करावा. हजार सीसीच्या गाडीची ५३० चेन नाहीतरी संपलीच असेल, तर चांगल्या प्रतीची ५२० चेन आणि मागे पोलादी स्प्रॉकेट घेण्यातही गैर काही नाही. थोडे वजन कमी होईल, आयुष्य थोडे कमी मिळेल आणि सौदा बरोबरीचा राहील. ३९० च्या वर्गात रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीचाच एक्स-रिंगचा सेट बरा. आणि राजघाटावरून दूध किंवा केळी वाहणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला ४२८ एच चेन, पोलादी स्प्रॉकेट आणि जागेवर असलेले चेन कव्हर, एवढेच हवे. चढ जास्त असेल तर सेट बदलण्याच्या वेळीच पुढे एक दाता कमी मागून घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी चेनवरचा क्रमांक व दोन्ही स्प्रॉकेटचे दाते स्वतः मोजून घ्यावेत.